एक्स-रे काढला त्या दिवशी मान दुखायला लागत नाही

प्रश्न : तोफखान्यात २४ वर्षे नोकरी करून २०१८ च्या नोव्हेंबरात हवालदार म्हणून घरी आलो. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात मानेचा स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज) आणि कंबरेत एल-४ एल-५ ची गादी सरकलेली, असे दोन आजार लिहिले. दोन्ही मिळून ३० टक्के, कायमचे. पण सेवेशी संबंध नाही म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. २०११ मध्ये लडाखात दारूगोळा उतरवताना गाडीवरून पडलो होतो, त्याचा इंज्युरी रिपोर्ट झालाच नाही. मी अपीलही केले नाही. आता हाताला मुंग्या येतात, मोटारसायकल चालवता येत नाही. गावात एक जण म्हणतो मुदत गेली. दुसरा म्हणतो नवा एमआरआय काढ, सिव्हिल सर्जनचा दाखला घे, काम होईल. बोर्डाच्या कागदाची प्रत सोबत पाठवली आहे. – निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा

उत्तर : हवालदार साहेब, मुदत गेलेली नाही. आणि केससाठी म्हणून नव्या एमआरआयवर एक रुपयाही घालू नका. उपचारासाठी डॉक्टरांनी सांगितला तर ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, जरूर काढा, हाताच्या मुंग्या अंगावर काढू नका. पण आजचा एमआरआय तुमची आजची मान दाखवतो. आपला वाद आहे तो २०१८ च्या आधीच्या मानेचा, आणि त्याचा पुरावा बोर्डाच्याच कागदात आहे.

ती प्रत मी दोनदा वाचली. एएफएमएसएफ-१६ म्हणतात तो फॉर्म. त्याच्या सुरुवातीला तुमच्या सगळ्या पोस्टिंगचा तक्ता आहे, पीसला (शांततेच्या ठाण्याला) 'पी' आणि फील्डला (मोर्चावरच्या भागाला) 'एफ'. २००९ ते ऑगस्ट २०१२ 'एफ', तेही लडाख. त्यानंतर 'पी'. मानेचे दुखणे पहिल्यांदा नोंदले गेले जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे खाली उतरल्यावर पाचव्या महिन्यात. आता शेवटच्या भागातला बोर्डाच्या मताचा तक्ता पाहा. सेवेमुळे झाला का? नाही. सेवेमुळे बळावला का? नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ : डिजनरेटिव्ह (झिजेचा) आजार, सुरुवात पीस स्टेशनवर. अशा एका ओळीवर माणसाची पेन्शन अडवलेली पाहिली की मला अजूनही राग येतो. मणक्याची झीज एक्स-रे काढला त्या सकाळी सुरू होत नाही. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. तुम्ही तो किती वर्षे उचललात, किती उंचीवर उचललात, याबद्दल बोर्डाने अवाक्षर काढलेले नाही.

कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण इथे अर्धवट सल्ला फार मिळतो. तुम्ही २०१८ मध्ये निवृत्त झालात, म्हणून तुम्हाला २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, लागू होतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून आलेले नवे नियम तुमच्यासाठी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल (२०१३) तुम्हाला कोणीही दाखवेल : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असे धरायचे, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. निकाल भक्कम आहे, पण तो १९८२ च्या नियमांवरचा आहे. सरकारी वकील हमखास उठून सांगतील की २००८ च्या नियमांत नुसता सेवेत आजार दिसणे पुरेसे नाही, कार्यकारण संबंध लागतो. म्हणून एकट्या धरमवीरवर भिस्त ठेवू नका.

तुमचा खरा आधार 'बळावला' या शब्दात आहे. २००८ च्याच नियमांत म्हटले आहे की फील्ड, ऑपरेशन, अतिउंची, टोकाचे हवामान अशा सेवेच्या परिस्थितीमुळे आजार लवकर आला किंवा वाढला, तर तो सेवेने बळावलेला मानायचा. वयाने झीज होते हे मान्य करूनही तुमचा दावा उभा राहतो. बोर्डाने कारणे दिली नाहीत, यावर मे २०२५ मधला राजूमोन टी. एम. हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा : कारणे न देता मांडलेल्या मताच्या आधारे पेन्शन नाकारता येत नाही. आणि 'पीस स्टेशनवर सुरू झाला' या ओळीला उत्तर म्हणून मार्च २०२५ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा गावस अनिल माडसो निकाल. तो मधुमेहाचा होता, पण पीसमध्ये आजार दिसला एवढ्यावरून सेवेशी संबंध तुटत नाही, हा त्यातला मुद्दा मणक्यालाही लागू पडतो.

लडाखच्या पडण्याबद्दल. आयएएफवाय-२००६, म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, नाही; मग त्या पडण्यावर सगळी केस टांगू नका. तुम्ही फील्ड हॉस्पिटलात तीन दिवस होतात असे फोनवर म्हणालात. अ‍ॅडमिशनची नोंद पार्ट-टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या सेवानोंदीच्या आदेशात, असायला हवी, ती मागवू. सोबतच्या दोन जवानांची प्रतिज्ञापत्रे चालतील, पण त्यांनी स्वतः पाहिले तेवढेच लिहावे. एकाने जरी ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडल्यासारखी लिहिली तर तुमच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडेल.

आता मुदत. सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीत, सहा महिन्यांची मुदत असते हे खरे. पण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून तो चालू राहणारा अन्याय ठरतो. तरसेम सिंग निकालाने (२००८) हे स्पष्ट केले, आणि त्याच निकालाने थकबाकी अर्ज केल्याच्या मागच्या तीन वर्षांपुरती बांधून टाकली. म्हणजे तुम्ही घरी बसलात तो प्रत्येक महिना मागच्या टोकाने कायमचा गळतोय. त्याचा हिशोब असा : १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात. तुमचे वेतन एमएसपी (लष्करी सेवा वेतन) धरून ४५,००० होते, त्याचे १३,५००. तुमचे ३० टक्के राउंडिंगने ५० धरले जातात, म्हणजे महिना ६,७५० आणि वर महागाईची वाढ. (राउंडिंग फक्त बोर्डआउट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे सेवेतून काढलेल्यांना, मिळते, असे तुम्हाला कोणी सांगेल. राम अवतार निकालापासून, डिसेंबर २०१४ पासून, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळते.)

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. एरवी सैनिकाला हक्क सिद्ध करायला सांगत नाहीत. पण निवृत्तीला १५ वर्षे उलटून सेवेचे कागद नष्ट झाल्यावर दावा केला, तर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. तुमच्याकडे २०३३ पर्यंत वेळ आहे, पण तुमच्याबरोबर उठबस करणारे जे लोक २०११-१२ ला घरी आले, त्यांना हे आजच सांगा.

या आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, फी १० रुपये. बोर्डाची साक्षांकित प्रत, सगळ्या कॅटेगरी बोर्डांच्या (वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डांच्या) प्रती, कमांडिंग ऑफिसरचे स्टेटमेंट, २०११ च्या पार्ट-टू ऑर्डर, हे नाव घालून मागा. नुसते 'माझे सर्व मेडिकल कागद' असे लिहिले तर काय द्यायचे ते समोरचा ठरवतो. प्रतींची वाट न पाहता पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत रजिस्टर पोस्टाने पाठवा, उशीर माफ करण्याची विनंती त्यातच करा, पोचपावती जपा. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर एएफटीच्या मुंबई खंडपीठात अर्ज करायचा रस्ता मोकळा होतो.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीची चौकशी करा. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) जुलै २०२५ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी खास योजना सुरू केली आहे. थकबाकीतला टक्का मागणाऱ्याला मात्र दारात उभे करू नका. वकिलाला असा टक्का घेता येत नाही, आणि मागणारा बहुतेक वेळा वकील नसतोच.

२०१३ ची मानेची एक्स-रे फिल्म ट्रंकेत आहे असे तुम्ही लिहिलेत. ती घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून आणा. पाकिटावरची तारीख आणि हॉस्पिटलचा शिक्का पुसट होत असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.