वाचक विचारतात: माश्या चावतायत आणि लोक हसतायत!

प्रश्न: कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये कॅनडाचं एक पाच मिनिटांचं कार्टून दाखवलं, ‘ब्लॅकफ्लाय’ नावाचं. एक माणूस जंगलात धरणाच्या सर्व्हेला जातो आणि माश्या त्याला नुसत्या फाडून खातात, सगळा हॉल हसत होता. खरंच इतक्या माश्या असतात का तिकडं, की उगं वाढवून दाखवलंय? (जुळे सोलापूर)

उत्तर: वाढवलंय, पण तुम्हाला वाटतंय तेवढं नाही. फिल्म १९९१ची, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची, दिग्दर्शक ख्रिस्तोफर हिंटन. तिच्यातलं गाणं वेड हेम्सवर्थ यांचं, आणि हे गृहस्थ स्वतः उत्तर ऑन्टॅरिओत लिटल ॲबिटिबी नदीवर सर्व्हे पार्टीबरोबर गेले होते, म्हणजे चावून घेऊन मग लिहिलेलं गाणं आहे ते, घरात फॅनखाली बसून सुचलेलं नाही. फिल्मला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, बक्षीस मात्र दुसऱ्याच फिल्मला गेलं.

आता या ब्लॅकफ्लाय माशीचं ऐका. आपला डास सुई टोचून रक्त ओढतो, ही बया तसलं नाजूक काम करत नाही. ही कातडी कापते, रक्ताचं छोटं डबकं करते आणि ते चाटून पिते. लाळेत बधिर करणारं आणि रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळं चावताना पत्ताच लागत नाही, मागनं कुणीतरी सांगतं अरे तुझ्या कानामागं रक्त आलंय बघ. केसांच्या मुळाशी, कॉलरीत, बाहीच्या आत, टोपीच्या कडेखाली, जिथं फट दिसंल तिथं शिरायचं. आणि ड्यूटी फक्त दिवसा! रात्री गप, आणि तंबूत किंवा घरात घुसली तर चावायचं सोडून उजेडाकडं जाऊन बसते. म्हणजे सर्व्हेवाल्याची आणि हिची शिफ्ट एकच.

पण मला खरा विनोद पुढचा वाटतो. डासाला साचलेलं पाणी लागतं, हिच्या अळीला वाहतं पाणी पाहिजे, जोरात वाहणारं, ऑक्सिजनवालं. ती दगडावर रेशमाचा ठिपका चिकटवते, शेपटाकडच्या बारीक आकड्यांनी त्यात रुतून बसते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहून येणारं खाणं गाळत राहते. आणि धरणाचा सर्व्हेवाला काय शोधत फिरतो? जिथं नदी जोरात उतरते ती जागा! म्हणजे तो बिचारा पगार घेऊन नेमका माश्यांच्या प्रसूतिगृहात चाललाय, तेही मे-जूनमध्ये, जेव्हा बर्फ वितळून सगळी पिल्लावळ एकदम बाहेर पडते. हे कळल्यावर फिल्म परत बघा, जास्त हसाल.

प्रश्न: आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट आहेत आणि तुम्ही लोक कीटक चावण्याला कॉमेडी म्हणता? (बाळे)

उत्तर: राग बरोबर आहे काका. पण कॅनडातली ही माशी माणसाला रोग देत नाही, नुसती जीव नकोसा करते, म्हणून तिथं हसणं जमतं. हिच्याच आफ्रिकेतल्या बहिणी नदीकाठच्या माणसांना एक जंत देतात, त्यानं दृष्टी जाते. त्यावरचं औषध, आयव्हरमेक्टिन, १९८७पासून फुकट वाटलं जातंय आणि ते शोधणाऱ्यांना २०१५चं नोबेल मिळालं. तिथल्या गावात जाऊन हे कार्टून लावायची माझी तरी हिंमत होणार नाही.

प्रश्न: ही माशी आपल्याकडं आहे का? आणि आमच्याकडं नदी नाही, ओढा नाही, तरी डास कुठनं येतात? (अशोक चौक)

उत्तर: भारतात आहे की, दार्जिलिंगकडं आणि ईशान्येत चांगलीच ओळखतात तिला, ‘पिपसा’ म्हणतात. सोलापुरात मे महिन्यात सीना नदीत खळाळतं पाणी शोधायला लावलं तर माशीच राजीनामा देईल.

तुमचे डास मात्र घरचेच आहेत. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, मग प्रत्येक घरात बॅरल, टाकी, घागरी, वर कूलर. डेंग्यूच्या डासाला याहून काय पाहिजे? अंडी पाण्याच्या वर, बॅरलच्या भिंतीला चिकटवते ती, आणि कोरडं पडलं तरी कित्येक महिने ती जिवंत राहतात. त्यामुळं बॅरल नुसता पालथा करून उपयोग नाही, आतनं काथ्यानं खसाखसा घासायचा, आठवड्याला एकदा, आणि तोंडाला फडकं बांधायचं. अंड्यातनं डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात म्हणून आठवडा म्हणतोय. कडुलिंबाच्या धुराबद्दल पण बरेच जण विचारतात. धूर आहे तोवर डास लांब राहतात, पण घरातली म्हातारी माणसंसुद्धा लांब जातात.

प्रश्न: मला सोलापूरच्या डासावर अशीच ॲनिमेशन फिल्म करायचीय. मोबाईल आहे, चित्रकला बरी आहे. सुरुवात कुठनं करू? (साखर पेठ)

उत्तर: आधी हिशोब बघ आणि मग उडी मार. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, पाच मिनिटाला ३६००! म्हणून पहिली फिल्म ३० सेकंदांची कर, ३६० चित्रांत काम होतं आणि मित्र पळून जात नाहीत.

कीटकांचा फायदा असा की काढायचं काहीच नसतं. एक ठिपका, तो नीट चुकवाचुकवी करत फिरला पाहिजे, बाकी काम आवाज करतो. डासाची मादी सेकंदाला ४००-५०० वेळा पंख मारते, ती गुणगुण कानाजवळ आणून अचानक बंद कर. बंद झाली की बघणारा आपोआप स्वतःच्या मानेवर हात मारतो, खात्रीनं सांगतो. आणि रेघ सरळ काढत बसू नकोस, थरथरती राहू दे, खाज सुटलेल्या माणसाला सरळ रेघ शोभत पण नाही. गोष्ट? नळाला पाणी आलंय, आई ओरडतीय बॅरल भर, आणि बॅरलमध्ये आधीच भाडेकरू आहेत. झालं की!

एकच बघ. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी १९१२मध्ये डासावर कार्टून केलं, त्यात डासाला चक्क उंच साहेबी टोपी घातली. दिसायला लय भारी, पण चावते ती मादी, नर बिचारा फुलांचा रस पिऊन जगतो. तेव्हा चावणाऱ्याला मिशा काढू नकोस, अंबाडा घाल.