येसरापासून सुरुवात कर

पोरी, पगार पुरत नाही म्हणून एकदम सगळं बदलायला जाऊ नको. आधी महिनाभर ज्वारी किती लागते ते मोजून लिही, त्याला 12 ने गुण, आणि रब्बीची सुगी झाली की फेब्रुवारी-मार्चात वर्षाची एकदाच भर. नवा माल येतो तेव्हा भाव बहुतेक उतरलेले असतात.

दाणे दोन-तीन दिवस कडक उन्हात घाल. दाताखाली कट्ट वाजला की वाळला समज. पण ऊन-ऊन दाणे कोठीत कधीच भरू नको! मी पहिल्या वर्षी घाईनं भरले, कोठीला आतून घाम सुटला आणि श्रावणापर्यंत सोंडे लागले. दोन पायल्या कोंबड्यांपुढं टाकताना जीव तुटला. रात्रभर गार होऊ दे, मग सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरानं घाल.

येसर, म्हणजे आमटीचं भाजकं पीठ, मात्र याच आठवड्यात कर. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने-जिरे वेगवेगळे खमंग भाजून दळायचे. लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की पाण्यात कालवलेलं दोन चमचे येसर सोडायचं, झाली आमटी. तुरीची डाळ महागली की आठवड्यातले दोन दिवस यावर सहज निघतात. त्यात शिळी भाकरी कुस्करून दे, लेकरं ताट चाटतात.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मी ओतून देत नाही. दारातला कढीपत्ता त्यावरच वाढलाय.

आणि जुनी लुगडी जपून ठेव. दिवाळीनंतर ये, दोघी मिळून वाकळ शिवायला बसू.