नाव तेच, गळे वेगळे

प्रश्न : ‘द ड्रिफ्टर्स’ या अमेरिकन डू-वॉप (अनेक गळ्यांच्या सुरमेळावर उभी असलेली गायनशैली) गायकवृंदाची १९५३ आणि १९६४ या वर्षांतील गाणी ऐकली. दोन्हींचा आवाज इतका निराळा कसा?

उत्तर : कारण गाणारी माणसेच निराळी आहेत. क्लाइड मॅकफॅटर यांच्या उंच, आर्त गळ्याभोवती १९५३ मध्ये हा वृंद उभा राहिला. मात्र लष्करात भरती व्हावे लागल्यावर त्यांनी वृंदातील आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांना विकला आणि तेथून पुढे गायक हे पगारी नोकर ठरले. १९५८ मध्ये ट्रेडवेल यांनी सगळ्या गायकांना काढून टाकले आणि ‘फाइव्ह क्राउन्स’ या दुसऱ्याच वृंदाला तेच नाव दिले. व्यवहार म्हणून हे निष्ठुरच होते. तरीही याच नव्या संचातील बेन ई. किंग यांच्या आवाजाला १९५९ मध्ये व्हायोलिनांची जोड मिळाली आणि रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर रंगणाऱ्या डू-वॉपची वाट सोल संगीताकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावोत्कट गायकीकडे, वळली. पगारावरून बिनसल्याने किंगही लवकरच बाहेर पडले.

१९६४ मधील ‘अंडर द बोर्डवॉक’च्या ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर मुख्य गायक रूडी लुईस यांचे निधन झाले, म्हणून ते गाणे जॉनी मूर यांनी गायले. त्या गाण्यातला संयत सूर मला तरी याच प्रसंगाचा वाटतो. पुढे अमेरिकेत मागणी ओसरली, तेव्हा मूर यांच्याच आवाजावर या नावाने १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये पुन्हा लोकप्रियता मिळवली.