पटकथा अडकू नये म्हणून

प्रश्न : जिओसिनेमा आणि हॉटस्टार 2025 मध्ये एक झाले, त्याआधी पीव्हीआर-आयनॉक्स. अशा वेळी पटकथेचा करार करताना काय पाहावं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : कंपन्या एक झाल्याने पटकथेची गिऱ्हाइकं कमी झाली की भाव पडणारच; पण खरा धोका पटकथा अडकून पडण्याचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार घेतलेले हक्क वर्षभर वापरले नाहीत, तर ते देणाऱ्याकडे परत येतात. मात्र करारात वेगळं लिहिलं असेल तर ही सवलत गेली, आणि कंपन्यांचे वकील ते लिहितातच! म्हणून ‘सहीच्या तारखेपासून 18 महिन्यांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क परत’ असं घालून घ्या. कंपनी विकली गेली तरी ही अट नव्या मालकाला लागू, हेही स्पष्ट हवं. नोव्हेंबरात पणजीच्या फिल्म बाजारात (चित्रपट व्यावसायिकांच्या मेळ्यात) पटकथा दाखवण्याआधी तिची नोंदणी उरका.