सोलापूरच्या शाखेत टाय सक्तीचा करावा का?

तुम्ही विचारलंय की कंपनीच्या सोलापूर शाखेसाठी पोशाखाचे नियम लिहायचे आहेत, तर टाय, फुल शर्ट आणि दाढीबद्दल काय ठेवावं. टाय ठेवू नका.

मे महिन्यात इथं पारा ४२-४३ च्या पुढं जातो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडलं तर उन्हाळ्यात वकिलांनाही काळ्या कोटाची सक्ती नाही, बार कौन्सिलच्याच नियमात तशी सूट आहे. मग भर दुपारी गाडीवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीत वसुलीला फिरणाऱ्या पोराच्या गळ्यात टाय कशाला?

मी तो घालून फिरलोय. एका फायनान्स कंपनीत होतो. हेड ऑफिसातून दोन शर्ट आले, गडद निळे, निव्वळ पॉलिस्टर. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं एका शर्टावर दोन दिवस काढावेच लागायचे. गडद पॉलिस्टरवर घाम वाळला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात, नुसत्या इस्त्रीनं त्या जात नाहीत. त्यात कॉलर. आत चिकटवलेलं कॅनव्हास हलक्या प्रतीचं, चार धुण्यांत सुटलं आणि कॉलरवर फुगे आले. दाबून इस्त्री केली तरी जरा वेळानं फुगे परत वर.

मॅनेजरनं एक दिवस काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर, माझी कॉलर दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "सोलापूरच्या पोरांना राहणीमान शिकवावं लागतं."

माझी आई पूर्व भागातल्या एका गणवेशाच्या कारखान्याची काज-बटणाची कामं घरी आणून करायची. या शहरात शिवलेले शाळेचे गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात, परदेशातही जातात. आणि कॉलर कशी असावी हे आम्हाला शिकवायचं? मी तिथंच सांगितलं, "साहेब, इस्त्री माझी आहे, कापड तुमच्या खरेदीवाल्याचं आहे." पुढं माझी बदली बार्शीला झाली. आईनं त्याच रात्री कॉलर उसवली, आतलं काढून सुती कॅनव्हास घातलं आणि उलटवून शिवली. शर्ट विटला, कॉलर नाही फुगली.

तेव्हा आधी कापड ठरवा. सुताचं प्रमाण जास्त, रंग फिका, उन्हाळ्यात अर्धी बाही. गणवेशच हवा असेल तर निदान तीन जोड कंपनीच्या खर्चानं द्या आणि इथंच शिवून घ्या. कुणाच्या कपड्यांबद्दल बोलायचं असेल तर केबिनमध्ये बोलावून बोलायचं, अंगाला हात लावायचा नाही, हे नियमात स्पष्ट लिहा आणि त्याखाली मॅनेजरची सही घ्या. कर्मचाऱ्यांची सही नंतर.

राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये काढलेलं परिपत्रक बरेच जण जसंच्या तसं उचलतात. जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नको, वगैरे. त्यातली शुक्रवारी खादी घालण्याची सूचना तेवढी मला पटते, कारण या हवेत अंगाला सुती कापडच सोसतं. बायकांनी साडी नेसावी की ड्रेस घालावा, यात तुम्ही पडू नका.

हे सगळं ऑफिसपुरतं. तुमच्या लोकांना यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा मशीनजवळ जावं लागत असेल तर सैल ओढणी, टाय, लोंबणारं काहीही चालणार नाही, तिथं सक्ती हवीच. खाण्याचा माल हाताळत असतील तर डोक्याला टोपी आणि दाढीला जाळीसुद्धा.

दाढी नीट कातरलेली असली की झालं. फक्त अय्यप्पाची माळ घालणाऱ्यांसाठी एक ओळ आधीच लिहून ठेवा. थंडीच्या दिवसांत पूर्व भागातले बरेच जण शबरीमलाच्या यात्रेआधी व्रत म्हणून ही माळ घालतात. तेवढे दिवस काळे कपडे, अनवाणी पाय आणि वाढलेली दाढी असते. त्यासाठी त्यांना दरवर्षी अर्ज करायला लावू नका.