टेबलचं नाव बदलण्याआधी

सांगलीच्या हळद सौद्यांचा डेटा हाइव्हमधून (मोठा डेटा टेबलांत ठेवणारी प्रणाली) रेप्लिकेशनने, म्हणजे प्रत पाठवत राहून, दुसऱ्या क्लस्टरवर (संगणकांच्या संचावर) नेतोयस ना, मग एक पक्कं ध्यानात ठेव: पॉलिसी, म्हणजे कोणती टेबलं न्यायची याचा नियम, टेबलला नावावरूनच ओळखते. समज, पॉलिसीत 'halad_'ने सुरू होणारी टेबलं आहेत. 'halad_saude'चं 'june_saude' केलंस की पलीकडचं टेबल ड्रॉप होतं, म्हणजे उडतं. नवं नाव पॉलिसीत बसतच नाही. उलट बाहेरचं टेबल नाव बदलून आत आलं, तर नुसत्या इव्हेंटवर (बदलाच्या नोंदीवर) भागत नाही, अख्खा डेटा बूटस्ट्रॅप होतो, म्हणजे पहिल्यापासून कॉपी होतो. मोठ्या टेबलला त्यात रात्र जाऊ शकते.

पॉलिसीच बदलायची असेल, तर नावबदल आधी पलीकडे लागू दे. मग नव्या पॉलिसीचा डंप (पलीकडे पाठवायच्या बदलांचा संच) घे, त्याच्या कमांडमध्ये 'रिप्लेस'पुढे (REPLACE) जुनी पॉलिसी द्यायला विसरू नकोस. दोन्ही कामं एकाच डंपात नको रे. आणि पलीकडे त्या टेबलवरून रिपोर्ट कोण काढतं, ते आधी विचार.