रानफुलांचे कुळ ओळखताना पाकळ्यांपेक्षा अंडाशय पाहावा

जंगलात आढळणारी ओठांच्या आकाराची सर्व फुले एकाच कुळातील असतात का, आणि तसे नसल्यास कुळ ओळखण्याची भरवशाची खूण कोणती, असे आपण विचारले आहे. ती एका कुळातील नसतात. पाकळ्यांचा रंग व आकार परागीभवन करणाऱ्या कीटकांना अनुरूप बदलत जातो, त्यामुळे दूरचे नाते असलेल्या वनस्पतींची फुलेही सारखी दिसू लागतात. अंडाशय (फुलाचा जो भाग पुढे फळ होतो तो) आणि फळ यांची रचना मात्र त्या मानाने पुष्कळ स्थिर राहते, म्हणून नाते तेथे शोधावे.

तुळशीचे कुळ (लॅमिएसी) आणि अडुळशाचे कुळ (अ‍ॅकँथेसी) यांत सर्वाधिक गल्लत होते. दोहोंत पाने बहुधा समोरासमोर असतात आणि फुलांना दोन ओठ असतात. चौकोनी खोड पाहून तुळशीचे कुळ ठरवू नये, कारण तसे खोड अडुळशाच्या कुळातही आढळते. तुळशीच्या कुळातील द्रोणपुष्पीचे पांढरे फूल अलगद ओढून काढावे आणि मागे उरलेल्या हिरव्या पेल्यात भिंगातून पाहावे: तळाशी चार भागांचा अंडाशय दिसतो आणि कुक्षीवृंत (अंडाशयाला जोडलेला बारीक दांडा) त्याच्या शेंड्यावरून नव्हे, तर त्या चार भागांच्या मधोमध, बुडातून वर आलेला असतो. अडुळशाच्या कुळातील कारवीत अंडाशय अखंड असून कुक्षीवृंत त्याच्या शेंड्यावर असतो. तिचे फळ म्हणजे वाळल्यावर उकलणारे बोंड. त्यातील प्रत्येक बी एका बाकदार आकड्यावर टेकलेले असते. बिया उडून गेल्यावरही आकडे सालीला चिकटून राहतात, त्यामुळे बहर सरल्यानंतरसुद्धा कुळ ठरवता येते. मला ही खूण फार मोलाची वाटते.

ओठ दिसला तरी तो कशापासून बनला आहे, हेही पाहावे. ऑर्किडचा ओठ ही खरोखर पाकळी असते. रानहळदीच्या फुलातील तसाच दिसणारा भाग वंध्य पुंकेसरांचा (पराग न बनवणाऱ्या नर भागांचा) बनलेला असतो, आणि तिचा गुलाबी तुरा तर फूल नसून छदांचा, म्हणजे फुलांलगतच्या पानांसारख्या भागांचा, असतो.

दोन पुस्तकांत कुळांची नावे वेगळी आढळल्यास पुस्तकाचे वर्ष पाहावे. डीएनएवर आधारलेले एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाचे) वर्गीकरण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. जुन्या ग्रंथांत लिलिएसीत असलेली कळलावी आता कॉल्चिकेसीत गणली जाते.